तीन वर्ग, एक घसा

त्या वर्षी जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा शिकवायला आम्ही दोघंच उरलो होतो, मुख्याध्यापक सर आणि मी. गणिताचे जुने सर उन्हाळ्यात निवृत्त झाले. मराठी शिकवणाऱ्या मॅडमना पट कमी म्हणून अतिरिक्त ठरवलं आणि दुसऱ्या तालुक्यात पाठवून दिलं. जागा लवकरच भरतील, असं वरून कळवलं होतं. लवकर म्हणजे कधी, ते कळवलं नव्हतं.

शाळा घोटीच्या पुढे, भाताच्या खाचरांमधून जाणारा रस्ता जिथे संपतो तिथे. आठवी, नववी आणि दहावी एवढेच वर्ग. मी नाशिकला राहते. सकाळी एसटीने घोटी, घोटीच्या नाक्यावरून जीप, आणि जीपमधून उतरल्यावर थोडं चालणं, असा माझा बारा वर्षांचा रस्ता. मी विज्ञानाची. त्या जूनपासून गणित आणि मराठीही माझ्याकडे आलं. इंग्रजी, हिंदी आणि इतिहास-भूगोल सरांकडे. पण सरांना आठवड्यातून दोन-तीन दिवस तालुक्याला मीटिंगला जावं लागे, आणि उरलेल्या दिवशी कुठली ना कुठली ऑनलाइन माहिती तातडीने भरायची असे. शाळेच्या आवारात नेटवर्क फक्त पाण्याच्या टाकीवर मिळायचं. त्यामुळे आमचे मुख्याध्यापक पुष्कळदा टाकीवर दिसायचे आणि तिन्ही वर्ग माझ्यापुढे बसलेले असायचे.

बसलेले म्हणजे खरोखर एकाच खोलीत. एका खोलीचे पत्रे वादळात उडाले होते आणि दुसरीत प्रयोगशाळेची कपाटं, कवायतीचं सामान आणि कार्यालय होतं. उरला मोठा हॉल. खिडकीकडे आठवी, मधे नववी, भिंतीकडे दहावी.

मी त्या वेळी जे केलं ते कुठल्याही प्रामाणिक आणि घाबरलेल्या बाईने केलं असतं. फळ्यावर खडूने दोन उभ्या रेघा मारून तीन भाग पाडले. तासाचेही तीन तुकडे केले. आठवीला शिकवायचं, त्यांना उदाहरणं द्यायची, धावत नववीकडे जायचं, त्यांना काही लिहायला लावायचं, मग दहावीकडे. दहावीपर्यंत पोचेतो आठवीची उदाहरणं संपलेली असत आणि तिकडे खडूफेक सुरू झालेली असे. मग मी इकडून तिकडे ओरडायची. नववीला माझं ओरडणं ऐकू आलं की त्यांना वाटे तास संपला, तेही बोलू लागत. मग मी आणखी वर आवाज चढवायची.

घरी जाताना पिशवीत तीन वर्गांच्या वह्या असत. टाचणं तीन वर्गांची, तीन विषयांची. एसटीत खिडकीशी जागा मिळाली तर मी मांडीवर वह्या घेऊन तपासत यायची. खड्ड्यात गाडी आदळली की लाल पेनाची रेघ बिचाऱ्या कुणाच्या तरी उत्तरावरून आरपार जायची. माझी मुलगी तेव्हा सातवीत होती. एकदा मी तिला दूध तापवायला सांगितलं, तर ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आई, मी इथेच आहे गं. किती ओरडतेस." मला कळलंच नव्हतं की मी ओरडून बोलले.

त्याच जूनमध्ये आठवीत एक मुलगी दाखल झाली. सोळा वर्षांची, दहावीतल्या मुलांपेक्षाही उंच. सातवीनंतर तिची शाळा सुटली होती. तिचे आईवडील भात झोडून झालं की पिंपळगाव बसवंतकडे द्राक्षाच्या बागांमध्ये कामाला जायचे ते थेट उन्हाळ्यात परतायचे, आणि दोन वर्षं ही त्यांच्याबरोबर होती. आता तिने स्वतःच हट्ट करून पुन्हा नाव घातलं होतं. पहिल्या दिवशी ती आठवीच्या ओळीत बसलीच नाही. दाराशी, चपलांच्या बाजूला जाऊन बसली.

मी म्हटलं, "पुढे ये की."

ती मान खाली घालून म्हणाली, "मॅडम, मी हितंच बसते. त्या पोरांच्यात मी लय मोठी दिसते."

मला तिच्याशी आणखी बोलायला हवं होतं. पण नववी वाट बघत होती. मी "बरं" म्हटलं आणि पुढे गेले. पुढचे दोन महिने ती तिथेच दाराशी बसली. त्या दोन महिन्यांत मी तिला नीट एकही प्रश्न विचारला नाही. हे लिहिताना मला आजही बरं वाटत नाही.

ऑगस्टमध्ये एका सकाळी मी हजेरी घ्यायला तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही. नुसता फस्स असा वारा. घसा खाकरला, पाणी प्यायले, पुन्हा प्रयत्न केला. मुलांना आधी गंमत वाटली, मग ती पुढे सरकून बघू लागली. तसा घसा महिनाभर बसलेलाच होता. हळदीचं दूध, ज्येष्ठमध, गरम पाणी सगळं करून झालं होतं. त्या दिवशी मात्र काही केल्या आवाज उमटेना.

नाशिकला घशाच्या डॉक्टरांनी नाकातून नळी घालून पाहिलं. पडद्यावर मला माझ्याच स्वरयंत्रातले दोन पांढरे पट्टे दिसले आणि त्यांच्यावर समोरासमोर आलेले दोन बारीक फोड. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शिक्षिका ना? मी बघितल्याबरोबर ओळखलं. तीन आठवडे एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्याने जास्त ताण पडतो. नाही ऐकलंत तर ऑपरेशन."

मी आठवडाभर रजा घेतली. रजेच्या पाचव्या दिवशी सरांचा फोन आला. मला बोलता येत नाही हे विसरून ते बोलत राहिले. तालुक्याला सलग मीटिंगा आहेत, मुलं दुपारीच घरी निघून जातात, दहावीतली दोन मुलं भाताची लावणी उरकल्यावरही परत आलेली नाहीत. शेवटी ते म्हणाले, "मी तुम्हाला या म्हणत नाही हां, मॅडम. तब्येत आधी. मी फक्त सांगतोय." सर स्वभावाने असेच. कुणावर दडपण आणायचं त्यांना जमत नसे, आणि म्हणूनच त्यांना नाही म्हणणं कठीण जाई. मी मेसेज केला, 'सोमवारी येते. बोलणार नाही.'

सोमवारी मुलीची जुनी पाटी पिशवीत घालून मी शाळेत गेले. वर्गात उभी राहिले आणि पाटीवर लिहिलं, 'मला अजून दोन आठवडे बोलायचं नाही. तुम्ही मदत कराल?' आणि पाटी सगळ्यांकडे फिरवली. मागच्या मुलांना अक्षर दिसेना, म्हणून पुढच्यांनी मागे वळून सांगितलं. आणि सांगताना ती कुजबुजली! मी गप्प होते म्हणून असेल, पण सगळा वर्ग हळू बोलू लागला होता. सबंध जुलैभर ओरडून मला जे जमलं नव्हतं, ते असं आपोआप झालं. पावसाचा पत्र्यावरचा आवाज मला त्या हॉलमध्ये पहिल्यांदा ऐकू आला.

पण शांत बसलेल्या मुलांना शिकवायचं कसं? पहिला दिवस मी फळ्यावर भराभर लिहिण्यात घालवला. हात भरून आला आणि मुलं नुसती उतरवून घेत राहिली. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी डबा उघडून बसले होते. भूक नव्हती. तेवढ्यात ती उंच मुलगी दारातून उठून माझ्याजवळ आली.

"मॅडम, एक सांगू का?"

मी मान हलवली.

"द्राक्षात आमची टोळी असती. घडातले मणी कमी करायचं काम असतं बघा, बारीक कात्रीनं. ते येत नसलं तर घड खराब होतो. तर मुकादम काय करतो, एका ओळीला एक जुनी बाई देतो, तिच्यासंगं एक थोडंफार येणारी नि एक पार नवी. जुनी बाई नवीला दावती. मुकादमाला बोलायलाच लागत नाय. तो नुसता ओळीच्या टोकाला फिरून बघतो." एवढं एका दमात बोलून ती थांबली. मग म्हणाली, "आपल्यात बी दहावी हाय, नववी हाय, आठवी हाय."

मी पाटी पुढे ओढली आणि लिहिलं, 'टोळ्या पाड.'

तिने पाडल्या. कुणाचं कुणाशी पटतं, कोण कुणाच्या शेजारी राहतं, कोण कुणाला घाबरतं, हे तिला दाराशी बसून माझ्यापेक्षा जास्त कळलं होतं. दहावीतला एक, नववीतला एक आणि आठवीतले एक-दोन अशा टोळ्या झाल्या. एवढं सगळं करून स्वतः मात्र ती पुन्हा दाराकडे निघाली होती. मी तिचा हात धरला आणि तिला दहावीतल्या पहिल्या नंबरच्या मुलीच्या टोळीत बसवलं.

त्या संध्याकाळी मी घरी तिन्ही वर्गांची गणिताची पुस्तकं शेजारी शेजारी उघडून ठेवली. इतकी वर्षं पुस्तकं हाताळली होती, पण तिन्ही एकदम उघडी कधी ठेवली नव्हती. आठवीला एका चलाची समीकरणं. नववीला दोन चलांची. दहावीलाही दोन चलांची, थोडी वरची. आठवीला त्रिकोणांची एकरूपता, दहावीला समरूपता. विज्ञानात आठवीला आणि नववीला प्रकाश आरशावरून परततो, दहावीला तो पाण्यात शिरताना वाकतो आणि मग भिंगं येतात. म्हणजे मी जूनपासून एकच धडा तीन वेळा, तीन कोपऱ्यांत, धापा टाकत शिकवत होते. धड्यांचा क्रम थोडा पुढेमागे केला तर सगळ्यांची सुरुवात एकच करता येणार होती. त्या आठवड्याचं टाचण मी एकच लिहिलं. वर एक विषय आणि खाली तीन पायऱ्या.

वह्यांचंही तसंच केलं. पाटीवर लिहिलं, 'टोळीने एकमेकांच्या वह्या पेन्सिलने तपासायच्या. मी प्रत्येक वहीतलं एकच उदाहरण तपासेन. कुठलं, ते आधी सांगणार नाही.' मुलं हसली. आठवीतला एक मुलगा म्हणाला, "म्हंजे समदीच बरोबर काढाय लागतील!" रोज एकाच वर्गाच्या वह्या, आणि त्या शाळेतच. पिशवी हलकी झाली. एसटीत मी खिडकीतून बाहेर बघू लागले. महामार्गाच्या कडेचे डोंगर हिरवे झाले होते, ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

सगळं लगेच सुरळीत झालं असं नाही. दोन टोळ्यांमध्ये भांडणं झाली. एका टोळीत दहावीतला मुलगा सरळ सगळी उत्तरं सांगून टाकायचा आणि बाकीचे ती लिहायचे. आणि पहिल्या नंबरच्या मुलीची तर माझ्यावर जवळजवळ नाराजीच होती. तिला नर्सिंगला जायचं होतं. दहावीचे मार्क म्हणजे तिच्या दृष्टीने सगळं काही होतं. तिच्या टोळीत ही उंच मुलगी, जिला समीकरणात संख्येने बाजू बदलली की चिन्ह का बदलतं तेच कळत नव्हतं.

"बदलायचं असतं," पहिल्या नंबरची म्हणाली.

"पण का?"

"तसा नियम हाय."

"कुणी केला?"

हे असं दोन दिवस चाललं. शेवटी पहिल्या नंबरची माझ्याकडे आली, डोळ्यांत पाणी. "मॅडम, हिला तुमीच सांगा." मी पाटीवर लिहिलं, 'तुला माहीत आहे का?' तिने वाचलं आणि आपली वही उघडून ओळ न् ओळ पाहू लागली. तिला आठवीपासून पैकीच्या पैकी मार्क पडत होते, आणि तिला ते माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती हसतच वर्गात आली. रात्रभर विचार केला होता म्हणे. उंच मुलीला तिने बाकावर खडूने लिहून दाखवलं. "चिन्ह बदलत बिदलत नाय गं काही. दोन्हीकडून तीन काढलेत. हिकडचे तीन गेले, नि तिकडं वजा तीन झाले. आपण मधली ओळ लिहीत नाय, म्हणून उडी मारल्यासारखं दिसतं."

उंच मुलगी म्हणाली, "मग मधली ओळ लिहायला काय झालं?"

त्या टोळीने वर्षभर मधली ओळ लिहिली.

मौनाचा शेवटचा आठवडा चालू असताना पहिल्या नंबरच्या मुलीचे वडील शाळेत आले. सरळ खाचरातून आले होते, पोटऱ्यांवर चिखल वाळलेला. सर तालुक्याला गेलेले. ते हॉलच्या दारात उभे राहिले आणि हात जोडून, पण चढ्या आवाजात म्हणाले, "मॅडम, माझी पोरगी दहावीला हाय. बोर्डाची परीक्षा हाय तिची. तिनं आठवीच्या पोरांना शिकवत बसायचं, तर मग शाळेनं काय करायचं?"

प्रश्न खोटा नव्हता. मला बोलता येत असतं तर मी नक्की काहीतरी बचावाचं बोलले असते. शिक्षक नाहीत, घसा गेला, पत्रे उडाले. पाटीवर एवढं सगळं मावणार नव्हतं. मी लिहिलं, 'दादा, तिचं नुकसान होऊ देणार नाही. रोज शेवटचा तास फक्त दहावीला देते.' पाटी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी डोळे बारीक केले, पाटी लांब धरून पाहिली, आणि मुलीकडे दिली. "वाच गं, चष्मा नाय."

मुलीने वाचलं. पण पाटीवरचं वाचून झाल्यावरही ती थांबली नाही. पाटीकडेच बघत, जणू तेही तिथे लिहिलेलं आहे अशा सुरात ती वाचत राहिली, "तुमच्या मुलीला गणित पाठ होतं, पण समजलेलं नव्हतं. आता तिला समजाय लागलंय. ते दुसऱ्याला सांगितल्यामुळं झालंय. तिला शिकवू द्या."

वडिलांनी एकदा पाटीकडे पाहिलं. दोन ओळींच्या अक्षरांतून एवढं सगळं कसं निघालं, हे त्यांना कळलं असावं. त्यांच्या मिशीखाली थोडं हसू आलं. "मॅडम लय बारीक लिहित्यात," ते म्हणाले. आणि मला म्हणाले, "शेवटचा तास मात्र चुकवू नका." मी छातीवर हात ठेवून मान हलवली. तो तास मी मार्चपर्यंत एकदाही चुकवला नाही.

आवाज परत आला तो सप्टेंबरमध्ये, थोडा घोगरा. पहिल्या दिवशी मी मुलांना "बसा" म्हटलं, तर ती टाळ्या वाजवू लागली. डॉक्टरीणबाईंनी दम दिला होता, दिवसाला मोजकंच बोला. मी तो पाळला. टोळ्या तशाच ठेवल्या. मी ओळीच्या टोकाला फिरायची. कुठे अडलं की तिथे बसायची. तासातली वीसेक मिनिटं तर मला कुणी हाकच मारत नसे. सुरुवातीला मला अपराधी वाटायचं, आपण काहीच करत नाही असं. सरांनी एकदा दारातून बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही बसलेल्या बऱ्या दिसता."

दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हा उंच मुलगी आली नव्हती. भात झोडून झालं आणि टोळीची गाडी येऊन गेली, असं मुलांनी सांगितलं. मला वाईट वाटलं, पण आश्चर्य वाटलं नाही. जाण्याआधी ती माझ्याकडून पुस्तकं आणि मी करून दिलेल्या धड्यांच्या चिठ्ठ्या घेऊन गेली होती. रोज संध्याकाळी दोन तास अभ्यास करीन, असं मला सांगून गेली होती.

डिसेंबरात एका रविवारी मी पिंपळगावला गेले. तिच्या आईच्या फोनवर विचारून बाग शोधली. मांडवाखाली वाकून चालावं लागत होतं. डोक्यावर हिरवे घड, आणि बायका हात वर करून बारीक कात्र्यांनी एकेक मणी काढत होत्या. खाली मातीत हिरव्या मण्यांचा सडा. ती मला बघून धावत आली. हात माझ्या हातात दिले तर बोटं चिकट आणि टोकांना फुटलेली.

मी म्हटलं, "वही बघू."

तिचा चेहरा उतरला. शेडमध्ये जाऊन तिने प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वही आणली. पिशवीची गाठ नीट होती, वही नवीकोरी. पहिल्या आठवड्याची चार पानं लिहिलेली आणि पुढे काही नाही. ती बघतच नव्हती माझ्याकडे. "मॅडम, सांच्याला हात वर करून करून मान दुखती. भाकरी खाल्ली की डोळं मिटत्यात. मी दोन तास म्हणलं होतं, पण नाय होत."

तिची आई बाजूला उभी होती. ती म्हणाली, "खोटं नाय बोलत, मॅडम. वही उशाला घेऊन झोपती."

मी वही मिटून तिला परत दिली. मी स्वतः चार महिन्यांपूर्वी तीन वर्गांच्या वह्या उचलून उचलून आवाज घालवून बसले होते. आणि ह्या पोरीला मी पिशवीभर चिठ्ठ्या बांधून दिल्या होत्या. मला तिच्याहून जास्त माझीच लाज वाटली. आम्ही बांधावर बसलो. तिच्या आईने काळा चहा दिला.

चहा पिता पिता पोरगीच म्हणाली, "तुमी वहीतलं एकच गणित तपासता ना? मला बी एकच द्या. रोज एकच."

तसं ठरलं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत टाकीवर चढून तिच्या आईच्या फोनवर मी एक उदाहरण पाठवायची. कधी मी विसरले तर पहिल्या नंबरची मुलगी आठवण करून द्यायची. पुढे पुढे तर उदाहरण तीच निवडू लागली. दुसऱ्या दिवशी उत्तराचा फोटो यायचा. कधी वहीवर, कधी द्राक्षाच्या खोक्यात घालायच्या कागदावर, एकदा तर खोक्याच्या पुठ्ठ्यावर. मधली ओळ न चुकता लिहिलेली असे. काही दिवस फोटो यायचाच नाही. मी विचारायची नाही. एप्रिलमध्ये ती परत आली ती वार्षिक परीक्षेच्या चार दिवस आधी, काळवंडलेली, आणखी उंच झालेली. आठवी पास झाली. ढकलपास नाही, खरोखर.

त्याच वर्षी पहिल्या नंबरची मुलगी दहावीला तालुक्यात चांगल्या मार्कांनी पास झाली. ती आता नर्सिंगला आहे. तिच्या वडिलांनी शाळेला पेढे आणले, आणि पहिला पेढा मला देताना म्हणाले, "हे शेवटच्या तासाचं."

उंच मुलीचं मात्र सोपं गेलं नाही. नववीत आणि दहावीतही ती दिवाळीनंतर बागेत जायची. दहावीच्या वर्षी मी तिच्या आईशी बोलले, सरही बोलले, आणि ती जानेवारीतच परत आली. चुलतीकडे राहिली. तरी इंग्रजी राहिलं. निकालाच्या दिवशी ती शाळेत आलीच नाही. मी आणि सर तिच्या घरी गेलो. ती घरामागच्या खाचरात बसून भाताच्या रोपांसाठी वाफा साफ करत होती. आम्हाला बघूनही ती थांबली नाही. सर बांधावर पँट वर खोचून उभे राहिले आणि म्हणाले, "इंग्रजी माझा विषय. नापास मी झालोय. मी टाकीवर बसलो होतो ना, त्याचं हे." ती उठून उभी राहिली. सरांना असं बोलताना तिने कधी ऐकलं नव्हतं, आणि मीही. त्यानंतर महिनाभर सर रोज सकाळी शाळेआधी तासभर तिला इंग्रजी शिकवायचे, फोन बंद करून. फेरपरीक्षेला ती पास झाली.

मधल्या काळात आम्हाला एक नवीन शिक्षिका मिळाल्या, पत्रेही बसले. आता आठवी वेगळी बसते आणि नववी-दहावी माझ्याकडे एकत्र. नव्या मॅडम पहिल्या महिन्यात संध्याकाळी वह्यांचा गठ्ठा घेऊन जीपमध्ये चढायला लागल्या. मी एक-दोन दिवस बघितलं. मग एका दुपारी त्यांना माझ्याशेजारी बसवलं आणि गठ्ठ्यातल्या निम्म्या वह्या परत कपाटात ठेवायला लावल्या. त्या म्हणाल्या, "असं चालतं?" मी म्हटलं, "चालतं. आधी घसा सांभाळा."

उंच मुलगी यंदा घोटीला अकरावीला आहे. सकाळी मी नाशिकहून येऊन नाक्यावर उतरते, तेव्हा ती गावाकडून आलेल्या जीपमधून खाली उतरते. ती उतरते आणि मी त्याच जीपमध्ये चढते. जीप भरेपर्यंत सुटत नाही, म्हणून आम्हाला दहा-पंधरा मिनिटं मिळतात. मी खिडकीशी बसते, ती बाहेर उभी राहते.

परवा मी विचारलं, "कसं आहे कॉलेज?"

"वर्ग लय मोठा हाय, मॅडम. कुणी कुणाशी बोलत नाय. सर सांगत्यात नि समदे लिहून घेत्यात." मग ती जरा जवळ सरकली. "आमी पाच जणी जिन्यावर बसतो मधल्या सुट्टीत. एकीला अकाउंट येतं, एकीला इंग्लिश."

"आणि तुला?"

"मला अजून काय येत नाय," ती हसून म्हणाली. "पण मी इचारते लय."

ड्रायव्हरने गाडी चालू केली. तिने खिडकीतून माझ्या मांडीवर एक पेरू ठेवला, वाटेत खा म्हणाली, आणि पदपथावरच्या भाजीवाल्यांमधून वाट काढत कॉलेजकडे निघाली. वळणापर्यंत तिचं डोकं सगळ्यांच्या वर दिसत होतं.